बियाण्यावरील मालकीहक्काचे कायदे व वऱ्हाडचा कास्तकार

शेताच्या मालकीविषयी आपल्याकडील कास्तकार किती दक्ष असतो हे सांगावयास नको. धुरा हातभर सरकला तरी तो मोजणी मागवितो. सात-बाराच्या उताऱ्यात एक अक्षर चुकले तरी तलाठ्याकडे खेपा घालतो. परंतु त्याच शेतात दरसाल जे बी पडते त्यावर कोणाचा हक्क आहे, तो कोठवर चालतो, आणि त्यात आपला स्वतःचा वाटा किती, याची चौकशी करणारे फार थोडे.

हा प्रश्न केवळ वकिलांचा किंवा कंपन्यांचा नव्हे. सरकीच्या थैलीची किंमत, पुढील साली घरचे बी पेरण्याची मोकळीक, आणि बी फसले तर दाद मागण्याचा मार्ग, या तिन्ही गोष्टींचा या कायद्यांशी संबंध आहे. सन १९९५ पासून हे कायदे पुष्कळ बदलले. ते बदल कोणते, बियाण्याच्या व्यापारावर त्यांचा परिणाम काय झाला, आणि अमरावती-अकोल्याकडील शेतकऱ्याने त्यावरून काय बोध घ्यावा, याचा विचार आम्ही या लेखात करणार आहोत.

पूर्वीची स्थिती

एकोणिसाव्या शतकात वऱ्हाडचा कापूस मुंबईहून लिव्हरपुलास जाई, तेव्हा उमरावती या नावावरून तिकडील व्यापारी त्यास 'उमरा' म्हणत. पुढे खानदेशाकडील मालही त्याच नावाखाली विकला जाऊ लागला. गावाचे नाव मालास मिळाले, परंतु त्या नावावर गावाचा हक्क काही नव्हता. बियाण्याची स्थितीही अशीच मोकळी होती. बनी, जरी ही वाणे कोणा एकाची नव्हती. विसाव्या शतकाच्या आरंभी सरकारी शेतकी खात्याने निवड पद्धतीने काढलेले रोझियमचे बी वऱ्हाडात पसरविले, तेही ज्याने नेले त्याचे झाले. एकदा बी आणले की पुढे रुई काढून उरलेली घरचीच सरकी पेरावयाची, असा रिवाज होता.

स्वतंत्र भारताचा पेटंटचा कायदा सन १९७० मध्ये झाला. पेटंट म्हणजे नवा शोध लावणाऱ्यास ठराविक मुदतीपुरती मिळणारी एकाधिकाराची सनद होय. हल्ली ही मुदत अर्जाच्या तारखेपासून वीस वर्षांची आहे. शेतीच्या व बागाइतीच्या पद्धतींना पेटंट मिळणार नाही, असे या कायद्याने प्रथमपासूनच ठरविले होते. योगायोग असा की, त्याच १९७० साली गुजरातेत सुरत येथील संशोधन केंद्रातून डॉ. सी. टी. पटेल यांचे 'संकर-४' हे कापसाचे जगातील पहिले व्यापारी संकरित वाण बाहेर पडले. संकरित बियाण्याचा स्वभाव असा की पहिल्या पिढीत झाडांना जोम असतो, परंतु त्यांच्या बोंडांतील सरकी पुन्हा पेरली तर झाडे एकसारखी येत नाहीत व उत्पन्न घटते. सबब दरसाल नवे बी विकत आणणे भाग पडते. कायद्याने कोणास मक्तेदारी दिली नसताही बियाण्याच्या स्वभावानेच एक कुलूप घातले गेले. ही गोष्ट वाचकांनी ध्यानात ठेवावी. पुढे तिचे काम पडणार आहे.

दोन नवे कायदे

ता. १ जानेवारी १९९५ रोजी जागतिक व्यापार संघटना स्थापन झाली. तिच्या बौद्धिक संपदेविषयीच्या करारात असे कलम आहे की, सभासद देशाने पिकांच्या वाणांना पेटंटने, किंवा परिणामकारक अशा वेगळ्या कायद्याने, किंवा दोन्हींनी संरक्षण दिले पाहिजे. भारताने वेगळ्या कायद्याचा मार्ग पत्करला. पेटंटच्या कायद्यात सन १९९९, २००२ व २००५ अशा तीन दुरुस्त्या झाल्या. त्यांपैकी २००२ च्या दुरुस्तीने कलम ३ मध्ये असे स्पष्ट घातले की सूक्ष्मजीव वगळून वनस्पती व प्राणी, त्यांचा कोणताही भाग, तसेच बियाणे, वाण व जाती यांस पेटंट मिळणार नाही.

दुसरा कायदा म्हणजे सन २००१ चा 'पीक वाण संरक्षण व शेतकरी हक्क कायदा'. त्यासाठीचे प्राधिकरण नोव्हेंबर २००५ मध्ये स्थापन झाले व वाणांची नोंदणी २००७ पासून सुरू झाली. नवे, इतरांहून वेगळे, एकसारखे व पिढ्यानपिढ्या स्थिर राहणारे वाण जो पैदा करील त्यास त्या वाणाच्या बियाण्याचे उत्पादन व विक्री करण्याचा एकाधिकार मिळतो. त्याची कमाल मुदत हंगामी पिकांस १५ वर्षे व झाडे आणि वेली यांस १८ वर्षे आहे. इथपर्यंत हा कायदा इतर देशांतल्यासारखाच. परंतु आपल्या कायद्याच्या नावातच शेतकऱ्याचा उल्लेख आहे, व त्याचे कलम ३९ हे प्रत्येक कास्तकाराने समजून घ्यावे असे आहे. त्याचा व त्याच्या जोडीच्या कलमांचा सारांश येणेप्रमाणे:

१. संरक्षित वाण असले तरी शेतकऱ्यास आपल्या शेतातील माल, त्यात बियाणेही आले, राखून ठेवणे, पेरणे, पुन्हा पेरणे, अदलाबदल करणे, वाटणे व विकणे यांची पूर्ण मोकळीक आहे. अट एवढीच की, ते थैलीत भरून, वर संरक्षित वाणाचे नाव छापून, म्हणजे छापाचे बियाणे म्हणून विकता येत नाही.

२. नोंदलेल्या वाणाचे बी विकताना पैदासकाराने अमुक परिस्थितीत अमुक उत्पन्न येईल हे सांगितले पाहिजे. तसे न आल्यास शेतकऱ्यास प्राधिकरणाकडे भरपाई मागता येते.

३. असा हक्क कोणाचा आहे हे ठाऊक नसताना शेतकऱ्याकडून त्याचा भंग झाला तर तो भंग धरला जात नाही.

४. शेतकऱ्याने स्वतः निवडलेले किंवा जपलेले वाण त्यास आपल्या नावे नोंदविता येते. प्राधिकरणापुढील कामात शेतकऱ्यास फी माफ आहे.

५. पुढे उगवणारच नाही असे बी तयार करणारे तंत्र ज्या वाणात आहे, त्याची नोंदणी होत नाही.

या मोकळिकीचे मोल समजण्यासाठी अमेरिकेतील एक खटला पाहावा. इंडियाना प्रांतातील एका शेतकऱ्याने धान्याच्या कोठारातून सोयाबीन विकत घेतले व तेच पेरले. त्यात पेटंट असलेले जनुक निघाले. ता. १३ मे २०१३ रोजी तेथील सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की, एकदा विकलेले बी खाता येते, विकता येते, परंतु पेरून वाढविता येत नाही. आणि त्या शेतकऱ्यावर ८४,४५६ डॉलरची भरपाई कायम झाली. हाच शेतकरी दर्यापुरास किंवा मूर्तिजापुरास असता तर नोंदलेल्या वाणाच्या बाबतीत कलम ३९ त्याच्या पाठीशी राहिले असते.

तथापि कागदावरील हक्क आपोआप चालत नाही. सन २०१९ मध्ये पेप्सिको कंपनीने आपल्या नोंदलेल्या बटाट्याच्या वाणाबद्दल गुजरातेतील साबरकांठा भागातील शेतकऱ्यांवर दावे लावले. त्यांपैकी काहींवर एक कोटीहून अधिक रकमेची मागणी होती. शेतकऱ्यांच्या संघटना कलम ३९ पुढे करून उभ्या राहिल्या, तेव्हा मे २०१९ मध्ये कंपनीने दावे मागे घेतले. पुढे डिसेंबर २०२१ मध्ये प्राधिकरणाने त्या वाणाची नोंदणीच रद्द केली. परंतु जानेवारी २०२४ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाच्या खंडपीठाने रद्द करण्याचा तो हुकूम फिरविला. म्हणजे कंपनीचा हक्क तिच्याकडे राहिला, आणि शेतकऱ्याचा शेतकऱ्याकडे. दोन्ही एकाच कायद्यात आहेत. ज्याचा त्याने सांभाळावयाचा.

सरकीच्या थैलीवरील तंटा

आता आपल्या मुख्य पिकाकडे वळू. ता. २६ मार्च २००२ रोजी केंद्र सरकारच्या समितीने जालन्याच्या महिको कंपनीच्या तीन बीटी संकरित कापूस वाणांना मंजुरी दिली. या पहिल्या पिढीच्या जनुकावर भारतात पेटंट नव्हते. मॉन्सँटो व महिको यांच्या संयुक्त कंपनीने इतर बियाणे कंपन्यांशी करार करून त्यापोटी शुल्क घेतले. सन २००६ मध्ये दोन जनुकांचा 'बोलगार्ड-२' आला. त्याबाबतचे पेटंट मॉन्सँटोस २००८ मध्ये मिळाले.

बियाणे कंपन्यांनी थैलीमागे जे शुल्क द्यावयाचे, त्यास व्यापारात 'ट्रेट फी' म्हणतात. हे शुल्क शेवटी थैलीच्या किमतीत मिसळून शेतकऱ्याकडूनच वसूल होते. २०१५ च्या सुमारास ते ४५० ग्रॅमच्या थैलीस सुमारे १६३ रुपये होते. डिसेंबर २०१५ मध्ये केंद्र सरकारने कापूस बियाणे दर नियंत्रण हुकूम काढला, व २०१६ च्या हंगामासाठी बोलगार्ड-२ च्या थैलीची कमाल किंमत ८०० रुपये आणि त्यातील शुल्क ४९ रुपये ठरविले. पुढे शुल्क २०१८ मध्ये ३९ रुपये, २०१९ मध्ये २० रुपये व २०२० मध्ये शून्य झाले.

याच काळात न्यायालयातही तंटा चालला होता. हैदराबादच्या नुझिवीडू सीड्स कंपनीने शुल्क कमी करावे म्हणून आग्रह धरला. मॉन्सँटोच्या कंपनीने २०१५ मध्ये तिचा करार रद्द केला. प्रकरण दिल्ली उच्च न्यायालयात गेले. एप्रिल २०१८ मध्ये खंडपीठाने, बियाण्यास पेटंट देता येत नाही या कलमाच्या आधारे, ते पेटंटच रद्द ठरविले. ता. ८ जानेवारी २०१९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल बाजूस सारून, पुरावा घेऊन रीतसर चौकशी व्हावी म्हणून प्रकरण परत पाठविले. पुढे २०२१ मध्ये उभयपक्षी तडजोड झाली. सबब, बियाण्यात घातलेल्या जनुकावरील पेटंट आपल्या कायद्यात कितपत टिकते, या मुद्द्याचा अखेरचा निवाडा या खटल्यात झालाच नाही.

व्यापारावर परिणाम

या घडामोडींचा परिणाम तीन प्रकारचा झाला. पहिला, देशी बियाणे कंपन्यांवरील शुल्काचा बोजा उतरला. दुसरा, नवे तंत्र आणणाऱ्यांनी हात आखडता घेतला. तणनाशक सहन करणाऱ्या पुढील पिढीच्या कापसाच्या मंजुरीसाठी केलेला अर्ज महिकोने २०१६ मध्ये मागे घेतला. तिसरा परिणाम असा की, मंजुरी नसलेले हेच बी चोरट्या मार्गाने गावोगाव विकले जाऊ लागले.

शेतकऱ्याच्या पदरात काय पडले? शुल्क शून्य झाले त्या २०२० साली थैलीची कमाल किंमत ७३० रुपये होती. २०२५ मध्ये ती ९०१ रुपये झाली. शुल्क गेले म्हणून थैली स्वस्तच राहते असे नाही, हा यातून घ्यावयाचा धडा आहे. शिवाय ज्या गुणासाठी शुल्क होते तो गुणही क्षीण झाला. गुलाबी बोंडअळी बोलगार्ड-२ ला दाद देईनाशी झाली, व २०१७ च्या हंगामात विदर्भातील पऱ्हाटीचे तिने मोठे नुकसान केले.

कायदा देतो ते बी देत नाही

येथे आम्ही मूळ मुद्द्याशी येतो. अमेरिका, ब्राझील, ऑस्ट्रेलिया येथे कापसाची बहुतेक पेरणी सरळ वाणांची असते. त्या वाणांची सरकी निसर्गाच्या दृष्टीने पुन्हा पेरण्याजोगी असते. परंतु अमेरिकेत तरी पेटंट व करार यांमुळे शेतकऱ्यास ती पेरता येत नाही. आपल्याकडे नेमके उलट झाले आहे. आपला कायदा घरची सरकी पेरण्यास परवानगी देतो. परंतु बाजारातील जवळजवळ सर्व बीटी कापूस संकरित असल्यामुळे ती पेरून उपयोग होत नाही. दुसऱ्या पिढीत काही झाडांत जनुक उतरते, काहींत उतरत नाही. उत्पन्न घटते ते घटतेच, व अळीलाही विषाची सवय होण्यास मदत होते. तिकडे कायद्याचे कुलूप आहे, इकडे संकराचे. थैली मात्र दोहोंकडे दरसाल विकत घ्यावी लागते.

यावर कोणी म्हणेल की संकरित वाणांनी उत्पन्न वाढविले, त्यांस दोष का द्यावा? आम्ही दोष देत नाही. ओलिताच्या भारी जमिनीत संकरित वाणाचा जोम फळास येतो हे खरे आहे. परंतु वऱ्हाडातील बहुतेक कापूस कोरडवाहू आहे. पावसाने दगा दिला की दुबार पेरणी करावी लागते, आणि विकतच्या महाग बियाण्याचा खर्च दुप्पट होतो. अशा ठिकाणी कलम ३९ चा हक्क जिवंत व्हावयाचा तर सरळ वाणांचीच गरज आहे. अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाने रजत, एकेएच-०८१ ही अमेरिकन व एकेए-७, एकेए-८ ही देशी सरळ वाणे दिलेली आहेत. विद्यापीठ अकोल्यास, १९७६ साली स्थापन झालेले महाबीज अकोल्यास, आणि केंद्रीय कापूस संशोधन संस्था नागपुरास. तेव्हा असे बी मुबलक तयार व्हावे अशी मागणी करावयास आपणांस दूर जावयाचे नाही. केवळ थैलीचा दर पाच-पन्नास रुपयांनी उतरावा एवढीच मागणी करीत राहणे म्हणजे कुलूप तसेच ठेवून किल्लीच्या भाड्याबद्दल भांडणे होय.

हा हक्क जिवंत असला म्हणजे काय होते, हे सोयाबीनमध्ये दिसते. सोयाबीनचे फूल स्वतःच्याच परागाने फळते. म्हणून त्याचे घरचे बी वाणाशी इमान राखते. सन २०२० च्या खरिपात विकतचे सोयाबीन उगवले नाही अशा तक्रारी महाराष्ट्रभर झाल्या, तेव्हा ज्यांच्या घरी तपासून राखलेले बी होते त्यांस दुकानदाराच्या तोंडाकडे पाहावे लागले नाही. अमरावतीच्या संशोधन केंद्रातून निघालेल्या सुवर्ण सोया, पीडीकेव्ही अंबा यांसारख्या वाणांचे बी एकदा आणून पुढे घरी राखणे यास कायद्याची आडकाठी नाही.

शेतकऱ्याचे स्वतःचे वाण

चंद्रपूर जिल्ह्यातील नागभीड तालुक्यात नांदेड नावाचे गाव आहे. तेथील अल्पभूधारक शेतकरी दादाजी खोब्रागडे यांस १९८३ मध्ये आपल्या धानात वेगळ्या दाण्याच्या ओंब्या दिसल्या. त्यांनी त्या निवडून वर्षानुवर्षे वाढविल्या. त्यातून 'एचएमटी' हे बारीक तांदळाचे प्रसिद्ध वाण झाले. नाव एका घड्याळाच्या छापावरून पडले. हे वाण अनेक प्रांतांत पसरले. विद्यापीठानेही १९९८ मध्ये 'पीकेव्ही-एचएमटी' या नावाने वाण प्रसृत केले. खोब्रागडे यांस पुढे २००५ मध्ये राष्ट्रीय नवप्रवर्तन प्रतिष्ठानचा पुरस्कार मिळाला. परंतु त्यांनी आयुष्य हलाखीतच काढले, व जून २०१८ मध्ये ते वारले. त्यांनी बी वाटले तेव्हा शेतकऱ्याच्या वाणाची नोंदणी करणारा कायदाच नव्हता. आज तो आहे. एखाद्या कास्तकाराच्या तुरीत, ज्वारीत किंवा मिरचीत असे वेगळे झाड निघाले तर त्याची नोंद व्हावयास अडचण कायद्याची नाही, माहितीची आहे.

अकोटचे प्रकरण वेगळे

एक गैरसमज येथे दूर केला पाहिजे. जून २०१९ मध्ये अकोट तालुक्यातील अकोली जहांगीर येथे शेतकरी संघटनेच्या कार्यकर्त्यांनी तणनाशक सहन करणारा, मंजुरी नसलेला कापूस उघडपणे पेरून सत्याग्रह केला. तंत्र निवडण्याचे स्वातंत्र्य शेतकऱ्यास असावे हे त्यांचे म्हणणे होते. त्या म्हणण्याविषयी मतभेद असू शकतात. परंतु ती बंदी पेटंटची नव्हे, तर १९८६ च्या पर्यावरण संरक्षण कायद्याची होती, हे पुष्कळांस ठाऊक नसते. त्या वेळी या कायद्याच्या भंगास पाच वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड अशी तरतूद होती; २०२३ च्या दुरुस्तीने कैदेऐवजी दहा हजारांपासून पंधरा लाखांपर्यंत दंड ठेवण्यात आला. बियाण्याच्या मालकीसंबंधी कलम ३९ ने दिलेली मोकळीक या बाबतीत ढाल होऊ शकत नाही. आणि चोरट्या बियाण्यास पावती नसल्यामुळे ते फसले तर दाद मागावयासही जागा उरत नाही.

कास्तकाराने काय करावे

पहिली गोष्ट, पावतीशिवाय बी घेऊ नये. पावतीवर वाणाचे नाव, गट क्रमांक व किंमत लिहून घ्यावी. पेरणीनंतर रिकामी थैली, तिचे लेबल व मूठभर बी पीक निघेपर्यंत जपून ठेवावे. उगवण किंवा पीक फसले तर तत्काळ तालुका कृषी अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार करून पंचनामा मागावा. शेतकरी हाही ग्राहक आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने राष्ट्रीय बीज निगमाच्या खटल्यात जानेवारी २०१२ मध्ये ठरविले आहे. म्हणून जिल्हा ग्राहक आयोगाचा मार्गही खुला आहे. नोंदलेल्या वाणाच्या बाबतीत कलम ३९ खाली प्राधिकरणाकडे जाता येते.

दुसरी गोष्ट, सोयाबीनचे घरचे बी राखावे. प्रमाणित बी आणल्यावर पुढील दोन वर्षे तेच घरचे वापरता येते. मळणी करताना दाण्यास मार बसू देऊ नये. पेरणीपूर्वी शंभर दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवावे. सत्तर उगवले तर बी चांगले समजावे, कमी उगवले तर त्या मानाने बी अधिक धरावे.

तिसरी गोष्ट, कोरडवाहू कापसाच्या एखाद्या तुकड्यात विद्यापीठाच्या शिफारशीप्रमाणे सरळ वाण लावून खर्च व उत्पन्न या दोहोंचा हिशेब वहीत मांडावा. एका शेतकऱ्याचा हिशेब कोणी ऐकत नाही. पन्नास शेतकऱ्यांच्या वह्या एकत्र केल्या तर सरळ वाणाची मागणी कोणास टाळता येणार नाही.

चौथी गोष्ट, शेजाऱ्यास बी द्यावे, घ्यावे, विकावे; परंतु कोणा कंपनीच्या नावाची थैली किंवा छाप वापरू नये. कायद्याने दिलेली मोकळीक तेथे संपते.

पाचवी गोष्ट, शेतात वेगळे व चांगले झाड दिसल्यास त्याचे बी निराळे राखून दोन-तीन हंगाम तपासावे, आणि जवळच्या कृषी विज्ञान केंद्राच्या किंवा विद्यापीठाच्या मदतीने आपल्या किंवा गावाच्या नावे नोंदणीचा अर्ज करावा.

कायदा कागदावर शेतकऱ्याच्या बाजूचा आहे, व असा कायदा थोड्याच देशांत आहे. परंतु विकतच्या संकरित सरकीच्या शेतात तो निजलेला राहतो. घरचे बी असलेल्या शेतातच तो जागा होतो. यंदाचा माल बाजारात नेण्यापूर्वी त्यातील उत्तम भाग बियाण्यासाठी बाजूस काढावा, हीच या धड्याची सुरुवात आहे.